वरचीचं बारीक पिल्लू

माझी आत्या कुत्र्यांना नावानं हाक मारत नाही, वजनानं मारते. मालकांनी हौसेनं ठेवलेली प्रिन्सेस, डायमंड वगैरे नावं दाराबाहेर चपलांशेजारी राहतात. आत आलं की सोळाशे, चौदाशे, एकवीसशे.

"एकवीसशे, उतर त्या खुर्चीवरून. तंगडं मोडून घेतलंस तर तुझी बाई माझ्या नावानं बोंब मारील."

तळमजल्याच्या दोन खोल्यांत ती दिवसभरासाठी अशी इवलीशी कुत्री सांभाळते. जास्तीत जास्त पाच, आणि दोन किलोच्या आसपासची. त्याहून मोठं कुत्रं घेऊन कुणी आलंच, तर ती दारातूनच म्हणते, "हा घोडा तबेल्यात न्या." त्याआधी तीस वर्षं ती औषधांच्या कारखान्यात वजनकाट्यावर होती. गोळ्यांची पावडर मिलिग्रॅमपर्यंत मोजण्यात जन्म गेला, त्यामुळे तिला जगात दोनच प्रकारची माणसं दिसतात: मोजून वागणारी आणि अंदाजपंचे वागणारी. दुसऱ्या प्रकारच्यांशी तिचं भांडण आहे. म्हणजे जवळजवळ सगळ्यांशीच.

तिच्याकडे सकाळी पोचवलेलं प्रत्येक कुत्रं खाण्याआधी काट्यावर चढतं. टोपलीत टॉवेल, काटा शून्यावर, मग कुत्रं. आकडा भिंतीवरच्या कागदावर. मी वजनकाटे तपासण्याचं काम करते, त्यामुळे दर तीन महिन्यांनी प्रमाणित वजनं आणून तिचा काटा मीच तपासते.

"बरोबर आहे?"

"अर्ध्या ग्रॅमचा फरक आहे. चालेल."

"तुला चालेल. काढ तो."

गिऱ्हाइकांनाही ती अशीच फाडून खाते. परवा एक बाई पर्समध्ये कुत्रं घालून आली आणि कौतुकानं म्हणाली, "हा किनई सोफ्यावरून स्वतःच उडी मारतो." आत्या म्हणाली, "तुम्ही गच्चीवरून मारून बघा. त्याला सोफा तेवढाच उंच आहे." बाईचं तोंड एवढंसं झालं. गळ्यातला पट्टा काढून कुत्र्याला छातीपट्टा घातल्याशिवाय आत्यानं तिला जाऊ दिलं नाही. "त्याची श्वासनळी पेनाच्या रिफिलएवढी आहे. ओढता कसले!" बाई तरीही दुसऱ्या दिवशी आली. सगळेच येतात. शिव्या खातात आणि येतात, कारण आजवर तिच्याकडून एकही कुत्रं लंगडत घरी गेलेलं नाही.

पण हे सगळं भांडण म्हणजे लुटुपुटूचं. खरं भांडण जिन्याच्या वर राहतं.

वरच्या मजल्यावर आत्याची जाऊ राहते. दोघी विधवा, घर एक, जिना एक, आणि अकरा वर्षं अबोला. आत्याचे यजमान गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी, भेटायला आलेल्यांनी खोली भरलेली असताना, जाऊ म्हणाली होती, "कुत्र्यांना जपते तेवढं माणसाला जपलं असतं, तर आज ही वेळ आली नसती." आत्यानं हातातला पेला खाली ठेवला. त्या क्षणापासून जाऊ ही 'वरची' झाली आणि आत्या 'खालची'.

मात्र पाण्याची टाकी एक, विजेचं मीटर एक, त्यामुळे बोलावं तर लागतंच. चार वर्षांपूर्वी नोकरीसाठी मी आत्याकडे राहायला आले आणि दोघींना हक्काची मधली मिळाली. "तिला सांग" हे शब्द मी दिवसातून दहा वेळा ऐकायची. आत्या म्हणायची, "तिला सांग, कुंड्यांचं पाणी माझ्या कुत्र्यांच्या गाद्यांवर पडतंय, डोळे फुटलेत का?" मी वर जाऊन म्हणायची, "काकू, कुंड्यांना पाणी जरा बेतानं घालाल का?" काकू म्हणायच्या, "तिला सांग, कुत्र्यांच्या मुतापेक्षा माझं पाणी स्वच्छ आहे." मी खाली येऊन सांगायची, "बरं म्हणाल्या." एका बाजूनं दोनशे तीस व्होल्ट आले की दुसऱ्या बाजूला मी बारा पोचवायची. माझ्यामुळेच हे घर जळत नाही, असं मला मनापासून वाटायचं.

यंदा वरचीच्या मुलानं तिला एक पिल्लू आणून दिलं आणि तो परत लांबच्या नोकरीवर गेला. नऊ आठवड्यांचं, पांढरं, कानांशी तांबूस, ओंजळीत मावणारं. विकणाऱ्यानं बजावलं होतं, "कमी खायला घाला, म्हणजे असंच लहान राहील." वरचीनं ते शब्द गाठीला बांधले. सकाळी दोन चमचे, संध्याकाळी दोन चमचे, मधे काही नाही. पिल्लू लोकरीच्या टोपीत घालून ती जिन्यात उभी राहायची आणि शेजारणींना, खाली ऐकू जाईल अशा बेतानं, सांगायची, "माझं खालच्यांसारखं ढोल नाही हं. माझं बारीक आहे."

आत्या वर कधी बघायची नाही. पण छत ऐकायची. पिल्लाची नखं फरशीवर वाजतात, टकटक, टकटक, आणि तिला त्यावरून सगळं कळायचं.

"पिल्लू आहे ना ते? मग पळत का नाही? चार पावलं टाकतं आणि बसतं."

एका गुरुवारी तिनं ते जिन्याच्या पायथ्याशी जवळून बघितलं. घरात आली ती तांबडीलाल होऊन.

"जा वर. सांग तिला, कुत्रं उपाशी मारते आहेस. बरगड्या मोजून घेता येतात. दर तीन तासांनी खायला घाल, नाहीतर आठवडा काढणार नाही ते. आणि सांग, तुझ्या हातात कुंडीतलं रोप टिकत नाही, हा तर जीव आहे."

मी वर गेले. काकू पिल्लासाठी दुसरी टोपी विणत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. माझ्या तोंडातून निघालं, "आत्या म्हणाली, पिल्लू फारच बारीक आहे हो."

काकूंच्या सुया थांबल्या. "असं म्हणाली? खालची?"

"हो."

"बारीक म्हणाली?"

"फारच."

"जळली असेल!" त्यांचा चेहरा उजळला. "अकरा वर्षांत पहिल्यांदा काही चांगलं बोलली ती."

मी घाईघाईनं पुढचं सांगितलं, "आणि खाणं दर तीन तासांनी द्या म्हणाली."

"हं! आता कळलं. माझंही तिच्या कुत्र्यांसारखं ढोल व्हावं म्हणून सांगते होय? बरी आहे!"

खाली आत्यानं विचारलं, "काय म्हणाली?" मी म्हटलं, "ऐकून घेतलं."

दुसऱ्या दिवसापासून काकूंनी दोन चमच्यांचा दीड चमचा केला.

रविवारी दुपारी मी काटा पुसत होते. आत्या सोळाशेची नखं कापत होती. मधेच तिचा हात थांबला आणि नजर छताला गेली.

"सकाळपासून एकदाही वाजलं नाही," ती म्हणाली.

"झोपलं असेल."

"गप्प बस."

सोळाशेला तिनं जमिनीवर ठेवलं, फडताळातली साखरेच्या पाकाची बाटली उचलली, गरम पाण्याची पिशवी काखोटीला मारली आणि जिना चढायला लागली. अकरा वर्षांत तिचं पाऊल त्या जिन्यावर पडलं नव्हतं. मी मागे पळाले.

दार उघडंच होतं. काकू उठून आडव्या आल्या, पण बोलल्या माझ्याशी. "हिला सांग, माझ्या घरात पाय ठेवायचा नाही!"

आत्या त्यांना खांद्यानं बाजूला सारून आत घुसली. पिल्लू टोपीत होतं. उचललं तर मान ओल्या फडक्यासारखी लोंबली. कान गार. आत्यानं ओठ वर करून पाहिलं, हिरड्या पांढऱ्याफटक. तिनं बोट पाकात बुडवलं आणि हिरडीवर चोळायला सुरुवात केली. थोडा थोडाच, घशात जाणार नाही असा.

"अगं, विचार हिला काय घालते त्याच्या तोंडात!" काकू किंचाळल्या.

"तिला सांग, साखर आहे," आत्या मान वर न करता म्हणाली. "विष असतं तर तिच्यासाठी आणलं असतं."

"साखर आहे म्हणाली," मी म्हटलं. तशातही दुसरं वाक्य मी गिळलंच.

पिशवीवर टॉवेल, टॉवेलवर पिल्लू. बोट पाकात, पाक हिरडीवर. काकूंचं ओरडणं थांबून नुसता श्वास ऐकू यायला लागला. कितीतरी वेळानं आत्याच्या बोटावर एक जीभ फिरली, नखाएवढी.

आम्ही तिघी गाडी करून जनावरांच्या डॉक्टरांकडे गेलो. पिल्लू आत्याच्या हातात, मी मधे, दोघी दोन खिडक्यांकडे तोंड करून. डॉक्टरांनी सुई टोचून साखर तपासली, सलाइन लावलं, वजन केलं. पाचशे वीस.

"किती खायला घालता?"

"दीड चमचा. दोन वेळा," काकू पुटपुटल्या. "फार बारीक आहे म्हणून हिनंच कौतुक केलं होतं. तसंच राहावं म्हणून अर्धा चमचा कमी केला."

"कौतुक?" आत्या गर्रकन वळली. "मी?"

मग दोघींनी एकदम माझ्याकडे बघितलं.

"काय सांगितलंस तू वर?" आत्यानं विचारलं.

मला सांगावं लागलं. शब्दन् शब्द सांगावा लागला.

"मी म्हटलं होतं, उपाशी मारते आहेस!" आत्या थेट काकूंवर ओरडली. मधे कुणी नाही, अकरा वर्षांत पहिल्यांदा.

"मग तसं माझ्या कानावर यायला नको?" काकू तितक्याच ओरडल्या. "शिवी आली असती तर मी विचार तरी केला असता! तू बारीक म्हणालीस असं ऐकून मी फुगून बसले!" आणि माझ्याकडे वळून, "आणि तू गं मेल्ये, गोड बोलायला तुला कुणी सांगितलं होतं?"

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली.

त्या एवढ्या एका गोष्टीवर दोघींचं एकमत झालं. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसायला सांगितलं.

घरी येईपर्यंत दोघी पुन्हा दोन खिडक्यांना लागल्या होत्या. थेट बोलणं तिथंच संपलं. आत्या अजूनही तिसऱ्या दिवसाचं ते वाक्य विसरलेली नाही, आणि काकूंनी ते मागे घेतलेलं नाही. फक्त रोज सकाळी सात वाजता जिन्याच्या सातव्या पायरीवर टोपी ठेवलेली असते, तिच्यात पिल्लू. मी ते खाली आणते, आत्या तोलते, मी परत नेते. आता जिन्यात मी एकही शब्द इकडचा तिकडे करत नाही.

आज आत्या म्हणाली, "पाचशे नव्वद. तिला सांग, पिल्लाचं कालचं अंडं उकडलेलं नव्हतं, जाळलेलं होतं, खालपर्यंत वास आला. नाक आहे की नुसती भोकं?"

मी वर जाऊन तसंच्या तसं म्हटलं, भोकांसकट. काकूंनी पिल्लू छातीशी घेतलं आणि माझ्याकडे रोखून बघितलं.

"आणखी काय म्हणाली?"

"एवढंच."

"नीट आठव."