पपनसाची मनाई

मलेशियातल्या इपोहच्या आमच्या दवाखान्यातले डॉक्टर फूंग कोक वेंग माणसांपेक्षा पेशींशी जास्त बोलायचे. पेशीला ‘वाढ, वाढ’ असा निरोप देणारं एक बटण असतं. कॅन्सरमध्ये ते दाबलेलंच राहतं. ते बंद करणारी गोळी शोधता शोधता डॉक्टरांचे केस पिकले. बायको म्हणायची, “आधी घरातले दिवे बंद करायला शिका.” मी त्यांची नर्स. मीही तेच म्हणायचे, पण मनात.

अखेर गोळीची चाचणी सुरू झाली. क्वालालंपूर, पेनांगमध्ये गाठी ढिम्म हलेनात. आमच्याकडे मात्र आटायला लागल्या. आमची पेशंट योक चान मावशी, तिला जिना चढवत नव्हता, ती बाजारात जाऊन भांडायला लागली. डॉक्टर पेनांगवाल्यांना फोनवर ऐकवायचे, “हाताला गुण असावा लागतो!”

शिस्त इतकी कडक, की जिनसेंगच्या मुळीचं सूप प्यायलेल्या एकाला त्यांनी चाचणीतून काढून टाकलं. पण पपनस? ते तर आमच्या शेजारच्या तांबुन गावचं. पेशंट पिशव्या भरभरून आणायचे आणि नको म्हणणं म्हणजे अपमान. डॉक्टर स्वतः सोलायचे आणि कडू गोळीवर एकेक फोड प्रत्येकाच्या हातावर ठेवायचे.

मग रक्ताचे रिपोर्ट आले. आमच्या पेशंटांच्या रक्तात औषध इतरांच्या दुप्पट होतं. डॉक्टरांच्या हातातलं पपनस अर्धं सोललेलं तसंच राहिलं.

“सिस्टर, हे फळ औषधाला शरीरातून लवकर जाऊच देत नाही. मी हे मेडिकलच्या पोरांना वर्गात शिकवतो हो!”

“कोणाला कळणार आहे? गप्प बसा,” मी म्हटलं. आयुष्यभराची मेहनत मातीत जाताना मला बघवेना.

“आणि जिथे पपनस नाही, तिथल्या पेशंटनी काय करायचं?”

त्यांनी सगळं खरं कळवलं. चाचणी रद्द झाली, काम दुसऱ्यांकडे गेलं. पपनसाऐवजी मावशीची गोळी वाढवून चालू ठेवायची परवानगी तेवढी मिळाली. पुढे त्या दुसऱ्यांनी सगळ्यांचीच मात्रा दुप्पट केली, गोळी बाजारात आली, सत्कारही त्यांचेच झाले.

परवा मावशी गोळीचं नवं पाकीट नाचवत निवृत्त डॉक्टरांच्या दारात उभी राहिली. बगलेत डॉक्टरांसाठी पपनस होतंच.

“बघा, काय छापलंय! पपनस खाऊ नये म्हणे! कुठल्या शहाण्याने लिहिलंय हे?”

डॉक्टरांनी चष्मा लावून ती ओळ दोनदा वाचली.

“मी,” ते म्हणाले. “या पाकिटावर माझं तेवढंच आहे.”