पडद्याचं पापलेट

आमच्या बिल्डिंगमध्ये माझ्या हातची पिशवी नाही असं घर नाही. कोणी मागितली म्हणून दिली असं नव्हे. मी देते. जुन्या जीन्सच्या बाजाराच्या पिशव्या, शर्टाच्या बाह्यांच्या छत्रीच्या खोळी, साडीच्या काठाचे चष्म्याचे पाऊच, सगळं मी घरी शिवते आणि वाटते. वॉचमनच्या रेडिओलासुद्धा मी गुंड्यांचं जाकीट शिवलं आहे. पावसाळ्यात तो रेडिओ पनवेलमधल्या पुष्कळ माणसांपेक्षा नीटनेटका दिसतो. लोक मला जिन्यात पाहून घाई असल्यासारखे भराभर खाली उतरतात, पण मी तेवढ्यात पिशवी काढलेली असते.

तर अशा माझ्या पोटी जी मुलगी आली, तिला घरी शिवलेल्या वस्तूंची लाज वाटू लागली. त्याला कारण एक हत्ती. तिच्या मैत्रिणीच्या वाढदिवसाला मी मोज्याचा हत्ती शिवून दिला होता. देखणा हत्ती! पोटात जुन्या उशीचा कापूस, पाठीवर झूल, झुलीला लेस. मैत्रिणीने वर्गात कागद फाडला, हत्तीला सोंडेने उचललं आणि सोंड हातात राहिली. हत्ती केकवर. सगळी मुलं पोट धरधरून हसली. मुलगी बिनसोंडेचा हत्ती परत घेऊन घरी आली ती दप्तर न काढताच म्हणाली, "आई, यापुढे मला सगळं दुकानातलं. सगळं!"

"अगं, सोंडेला एकच टाका कमी पडला..."

"आई!"

हे झालं आणि थोड्याच दिवसांत शाळेच्या स्नेहसंमेलनाची चिठ्ठी आली. तिसरीच्या वर्गाचं नाटक होतं, समुद्राच्या राणीचा दरबार. एकेक मासा राणीसमोर येऊन आपली ओळख करून देणार. आमच्या वाट्याला पापलेट आलं होतं. आधीच्या दोन वर्षांत ती झाड झाली होती, दोन्ही वेळा मागच्या रांगेतलं. आता तोंडी वाक्यं होती: "मी पापलेट. चमचम माझं अंग, समुद्रात मी सर्वांत सुंदर." ती बाथरूममध्ये, रिक्षात, जेवताना तोंडात घास असताना हे म्हणत असे.

"ड्रेस भाड्याने आणायचाय," तिने जाहीर केलं. "सगळे भाड्याने आणतायत."

मी काय केलं असेल? मी रडले. म्हणजे रडण्याचा अभिनय केला, पदर डोळ्यांना लावून, मशीनवर डोकं टेकवून. माझा नवरा पेपर वाचत होता. तो पेपराआडून म्हणाला, "बाळा, हो म्हण. नाहीतर ही मला पापलेट करेल."

शेवटी तह झाला. एकदाच, शेवटची संधी. ती स्टेजवर असताना कोणी हसलं तर त्या दिवसापासून घरी शिवलेलं काहीही, अगदी रुमालसुद्धा, ती वापरणार नाही. "आणि मशीनवर मी झाकण घालून ठेवेन," मी शपथेवर सांगितलं. शपथ घेताना आवाज खणखणीत ठेवला.

पापलेट करायचं तर माप हवं. रविवारी सकाळी आम्ही दोघी मासळी बाजारात गेलो. माझी ठरलेली कोळीण मावशी उरणकडची. तिच्या पाटीतलं सगळ्यांत मोठं पापलेट मी उचललं, खाली ब्राउन पेपर पसरला, त्यावर ते ठेवलं आणि पेन्सिलीने त्याच्या कडेने रेघ ओढायला लागले.

"आगो बाय," मावशी सुरी खाली ठेवून म्हणाली, "पापलेट घ्याचा हाय का त्याला झबला शिवाचा हाय?"

"मावशी, मुलीला पापलेट करायचंय."

"तुजी पोरगी बोंबलासारकी बारीक, ती कशी पापलेट व्हाची?"

आजूबाजूच्या सगळ्या कोळणी हसल्या. मुलीने माझी ओढणी ओढली, पण तिचं लक्ष पाटीच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. तिथे लांबट, चपटा, जिभेसारखा एक मासा पडला होता. "आई, हा बघ, याचे दोन्ही डोळे एकाच बाजूला आहेत!"

"लेप हाय तो," मावशी म्हणाली. तिने तो उलटा करून दाखवला. वरची बाजू रंगाची, खालची फिकी, तिथे डोळाच नाही. "ह्यो तलाला वालूत पडून रातो. खालचा डोला काय वालू मोजाला पायजे? म्हनून दोनी वर."

मुलगी तो मासा उलटसुलट करत बसली. मी मात्र पेन्सिलीची रेघ पुरी केली, रेघेची लाज म्हणून ते पापलेट विकत घेतलं, आणि माशाचा वास मारणारा कागद छातीशी धरून विजयी मुद्रेने घरी आले.

कापडही मी आधीच हेरून ठेवलं होतं. आमच्या हॉलचे पडदे साटिनचे, राखाडी, पण उजेडात तांबूस रुपेरी मारणारे. सुलट बाजूला अशी झळाळी की समुद्रानेच पाठवलेत! उलट बाजू मात्र फिकी, पिठासारखी. दोनच पडदे होते, म्हणजे एक पडदा पुढच्या अंगाला आणि एक पाठीला. मी ते काढले त्या संध्याकाळी नवरा कामावरून आला, दारातच थबकला आणि म्हणाला, "समोरच्या काकू हात का करतायत मला?"

शिवणाऱ्या प्रत्येकीला पहिल्या दिवशी शिकवलेली एक गोष्ट असते. कापड दुहेरी घालायचं, सुलट बाजू आत ठेवायची आणि दोन्ही थर एकदम कापायचे. मग दोन तुकडे एकमेकांचे आरसे होतात आणि छान जुळतात. मीही ही गोष्ट कितीतरी जणींना शिकवली आहे. पण इथे पडदे दोन वेगवेगळे होते. मी एक जमिनीवर पसरला, सुलट बाजू वर, आणि कापला. मग दुसरा पसरला, तोही सुलट बाजू वर, आणि तस्साच कापला. हे करताना फोन कानाला होता आणि मी माझ्या बहिणीला सांगत होते, की शहरातल्या एकाही दुकानात असं पापलेट मिळणार नाही. त्यात मला सुचलं, शेपटीला एक झोकदार वळण देऊ, डावीकडे, जरा नखऱ्याचं! दोन्हीला दिलं. दोन्ही तुकड्यांवर सुलट बाजूला काळ्या कापडाचा गोल डोळा शिवला. मग दोन्ही तुकडे जुळवायला घेतले.

एक शेपूट डावीकडे आणि एक उजवीकडे.

शेपट्या जुळवायच्या तर एक तुकडा उलटा करायला हवा. उलटा केला की बाहेर फिकी बाजू, आणि डोळा आत, पोरीच्या पाठीला चिकटलेला. मी जमिनीवर बसले. यावेळी अभिनय नव्हता. मुलगी शाळेतून आली तेव्हा मी शिलाई मारून टाकली होती, कारण दुसरं करायला काही उरलं नव्हतं. कार्यक्रम दुसऱ्या दिवशी होता, तिसरा पडदा घरात नव्हता, आणि भाड्याच्या दुकानातली पापलेटं केव्हाच लोकांनी नेली होती. तिने ते अंगात घातलं. डोकं माशाच्या उघड्या तोंडातून बाहेर, हात कल्ल्यांतून बाहेर. आरशासमोर उभी राहिली. पुढून चमचम आणि एक डोळा. मग तिने वळून खांद्यावरून पाहिलं. पाठ फिकी, आंधळी. शिवाय पडद्याच्या पन्ह्यात बसवताना मासा बारीकही झाला होता.

ती आरशातूनच म्हणाली, "आई, हे पापलेट नाहीये."

"नाहीये," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

तिने परत आरशात पाहिलं. एकदा पुढून, एकदा मागून. मग तिने पाठीमागे हात घालून आतला डोळा चाचपला आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी ओळखते, तो माझा आहे. "हा आतला डोळा काढ," ती म्हणाली, "आणि पुढे लाव. इकडे, या डोळ्याच्या शेजारी." आणि मग एकदम किंचाळली, "लेप! आई, मी लेप आहे!"

मी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. वर रंग, खाली फिकं, अंग लांबट, आणि दोन डोळे एका बाजूला. मावशीच्या पाटीतला मासाच जणू आमच्या हॉलमध्ये उभा होता.

मी टाके उसवून डोळा काढला. लावायला सुई ओवली, तर तिने सुई माझ्या हातातून घेतली. "मी लावणार." तिने आयुष्यात सुई धरली नव्हती. टाके कुठे लांब कुठे आखूड, एक तर थेट डोळ्याच्या काळ्यातून अंगाच्या रुपेरीत गेला. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसले. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड शिवणकाम तेच.

"पण बाईंना विचारायला हवं," मी म्हटलं. "दरबारात लेप नाहीच आहे."

"विचारलं तर नाही म्हणतील," ती दोरा दाताने तोडत म्हणाली. हे तिला कोणी शिकवलं, ते मी इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी हॉल भरलेला. पडदा वर गेला आणि दरबारात मासे येऊ लागले. सुरमई आली, रावस आला, हलवा आला. सगळे एकाच दुकानातले, सगळे एकाच निळ्या रंगाचे, एकाच हसऱ्या तोंडाचे. फक्त नावं वेगळी. नवरा माझ्या कानात म्हणाला, "राणी यांना ओळखते कशी?" मी त्याचा हात इतका घट्ट धरला होता, की त्याने पुढे विनोद केला नाही.

मग आमची आली. तांबूस, रुपेरी, लांबच लांब, शेपूट नखऱ्याने वळलेली, आणि छातीवर दोन डोळे शेजारीशेजारी, त्यातला एक जरा तिरळा. हॉलमध्ये आधी कुजबुज झाली. मग मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे, दोन्ही डोळे एकीकडे! शिवताना चुकलं वाटतं!" आणि हशा पिकला. चांगला, पोटभर हशा. विंगेत बाई हातातल्या कागदाकडे आणि तिच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. माझ्या डोळ्यांपुढे मशीनवरचं झाकण आलं.

मुलगी थांबली. हशा संपेपर्यंत थांबली. हे थांबणं शिकवून येत नाही, हे रक्तात असावं लागतं! मग तिने सावकाश पाठ फिरवली आणि आंधळी, फिकी बाजू सगळ्यांना दाखवली. परत वळली आणि स्टेजवर चक्क उताणी झोपली, फिकी बाजू खाली, दोन्ही डोळे वर. आणि आडवी पडूनच राणीला म्हणाली,

"महाराणी, मी लेप. मी वाळूत झोपते. खालचा डोळा काय वाळू मोजायला हवा? म्हणून माझे दोन्ही डोळे वर असतात. मला झोपल्या झोपल्या सगळं दिसतं." मग एक श्वास घेऊन, "आत्ता कोण हसलं, तेही दिसलं."

पनवेलचा हॉल तो. निम्म्या लोकांनी त्या आठवड्यात लेप तळून खाल्ला असेल. आधी एक आजोबा ओरडले, "बरोब्बर! लेपच आहे!" मग टाळ्या, शिट्ट्या, आणि समुद्राची राणी सिंहासनावर हसून हसून वाकली. मी उभी राहिले. नवऱ्याने खाली ओढलं, मी परत उभी राहिले.

बाहेर पडताना निळ्या हलव्याच्या आईने विचारलं, "कुठून आणलात हो ड्रेस? त्या दुकानात तर नव्हता."

मी तोंड उघडणार तोच लेप म्हणाला, "भाड्याने मिळत नाही. आमच्याकडेच असतो."

तिने तो काढायला नकार दिला. रिक्षात शेपूट मावेना, म्हणून आम्ही चालत निघालो, आणि मी मुद्दामच मासळी बाजाराच्या वाटेने नेलं. मावशी पाटी आवरत होती. तिने मान वर केली, आधी शेपटीकडे पाहिलं, मग छातीवरच्या दोन डोळ्यांकडे.

"आगो बाय! येवडा मोटा लेप! काय भाव लावला?"

"नाय मावशी," माझी मुलगी कमरेवर हात ठेवून तिच्याच बोलीत म्हणाली, "विकाचा नाय. घरचा हाय."

"कोनी शिवला गो?"

"आईने," ती म्हणाली, आणि मी मान ताठ केली, ओढणी सारखी केली, स्तुती स्वीकारायला चेहरा तयार केला. तेवढ्यात तिने तिरळ्या डोळ्यावर बोट ठेवलं. "पण हा डोळा मी लावलाय."

मावशीने हात पुसले, वाकून तो डोळा नीट पाहिला आणि म्हणाली, "आयच्या डोल्यापेक्षा ह्यो जित्ता हाय."

त्या संध्याकाळी मशीनवर झाकण आलं नाही. खिडकीत पडदे नव्हते, समोरच्या काकूंनी परत हात केला, आणि यावेळी माझी मुलगी माझ्या मशीनवर बसून, जीभ बाहेर काढून, मोज्याच्या हत्तीला नवी सोंड लावत होती. तिने सोंडेला तीन वेळा शिलाई मारली. मी मोजत नव्हते, ती प्रत्येक वेळी मोठ्याने ओरडून सांगत होती.