आत्याची भिंत आणि किल्लाभर पंजे

पुण्याच्या एका गेम बनवणाऱ्या कंपनीनं मला परीक्षा म्हणून काम दिलं होतं: पडक्या किल्ल्याची एक भिंत. सोमवारपर्यंत ती पाठवली नाही, तर वडील मला मामाच्या सिमेंटच्या दुकानात बसवणार होते. आणि वडील बोलले की करतात.

तसं काम सोपं. जुन्या भिंतीचा फोटो काढायचा. कॉम्प्युटरवरचं सॉफ्टवेअर त्याच्या कडा अशा जुळवायचं, की तोच तुकडा फरशीसारखा लावत गेलं की अख्खा किल्ला उभा. महाडात भिंतींना काय तोटा! पण मला हवी होती शेवाळलेली, पोपडे सुटलेली, कळकट. तशी एकच ठाऊक होती, पोलादपूरच्या वर राहणाऱ्या आत्याच्या घरामागची. तिच्या शेजारच्या दुकानात फोन करून निरोप ठेवला, "रविवारी भिंतीचा फोटो काढायला येतोय."

हाच माझा गाढवपणा.

मित्राच्या भावानं कुवेतहून आणलेला कॅमेरा गळ्यात घालून रविवारी पोचलो, तर भिंत पांढरीशुभ्र! शेवाळ कोयत्यानं खरवडून आत्यानं चुन्याचे दोन हात दिलेले, आणि स्वतः ठेवणीतलं लुगडं नेसून फोटोसाठी भिंतीला टेकून उभी. पाठ सगळी चुन्यानं माखलेली.

"अगं आत्या, काय केलंस हे! वाट लावलीस माझी!" मी ओरडलोच.

"म्हंजे? घाणेरडी भिंत जगाला दाखवणार होतास? लाज नाय वाटत?"

मग मी पायरीवर बसलो आणि दुकानाचं सगळं सांगितलं. माझ्या मामाचं आणि तिचं कधीच पटलं नाही.

"माझा भाचा त्याच्या दुकानात पोती उचलणार? मेल्या, आधी सांगायचं नाय?"

तिनं लुगडं खोचलं, गोठ्यातून शेणाची पाटी आणली आणि भिंतीवर फेकायला सुरुवात केली. वर चिखल, वर चुलीतली राख. सत्तरीची बाई, पण नेम काय! शेजारीण धावत आली.

"अगो, हिला लागीर झालं काय?"

"पोराला नोकरी लावतेय!" आत्या ओरडली आणि आणखी एक गोळा थापला.

फोटो झकास आला. सोमवारी महाडच्या सायबर कॅफेतून भिंत पाठवली. दुपारी उत्तर: भिंत उत्तम आहे, पण जिकडेतिकडे एकच पंजा दिसतो, तो काढा. सोबत त्यांच्या किल्ल्याचं चित्र होतं. पाहतो तर खरंच! शेण थापताना उमटलेली आत्याची पाचही बोटं किल्लाभर पसरलेली. बुरुजावर पंजा, तळघरात पंजा, राणीच्या महालात पंजा. हसून हसून माझं पोट दुखलं. दहा मिनिटांत पंजा पुसला, भिंत परत पाठवली, आणि आठवड्यानं नोकरीचं पत्र आलं.

पेढे घेऊन आत्याकडे गेलो आणि पंजाचंही सगळं सांगून टाकलं. पेढा तिच्या हातातच राहिला.

"शेण ठेवलंस, आणि हात पुसलास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती आत गेली आणि बादली नि घासायला काथ्या घेऊन आली.

"पुसायला येतं ना तुला? मग ही भिंत पण पूस. चुना भिजत घातलाय."