पायांवरची सूज

चपलांच्या दुकानात तिच्याइतकी तरबेज बाई दुसरी नव्हती. गिऱ्हाईक आत आलं की नुसतं पायांकडे बघून ती नंबर काढायची, आणि तोच बसायचा. पोटात जुळी आहेत हे कळल्यापासून मात्र दुकानात तिचं नाव 'डबल' पडलं. "डबल, जरा वरचा खोका काढ," असं म्हणून मालक स्वतःच्याच विनोदावर खूश व्हायचा. तीही हसायची. न हसून सांगते कुणाला?

सातव्या महिन्यात तिचे पाय सुजले. चप्पल आवळली की मोठा नंबर द्यायचा, एवढीच त्या दुकानातली विद्या. तिनंही तेच केलं. एक नंबर मोठी चप्पल घातली, थोड्या दिवसांनी त्याहून मोठी, शेवटी पुरुषांची. घोट्याजवळ दाबलं की बोटाचा खड्डा तसाच राहायचा. जन्मभर लोकांचे पाय हातात घेतलेली बाई, पण स्वतःच्या पायांना तिनं फक्त माप दिलं. अजून आठवलं की माझं डोकं फिरतं.

घरी सासूबाईंना आभाळ ठेंगणं झालं होतं. सुनेचा चेहरा सुजला तेव्हा त्या शेजारणीला म्हणाल्या, "बघा, कशी भरलीये. दोघांचं खातेय ना."

दवाखान्यातल्या नर्सनं बजावलं होतं, जुळ्यांमध्ये रक्तदाब कधी चढेल सांगता येत नाही, दर आठवड्याला तपासायला या. सासूबाईंनी ते उडवून लावलं. "माझी चार बाळंतपणं झाली. दंडाला कधी पट्टा बांधला नाही." नवरा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. मालक तर सुट्टीचं नाव काढलं की ऐकू न आल्यासारखं करायचा.

एका संध्याकाळी ती म्हणाली, "आई, डोकं फार ठणकतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत."

"जुळी आहेत, होणारच. पड जरा."

दुसऱ्या दिवशी छातीखाली कळ आली, तेव्हा तिनं नवऱ्याला सांगितलं. "आई म्हणतेय ना असंच असतं," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

त्यानंतरच्या दुपारी एका बाईच्या पायात बूट चढवताना तिला झटके आले. बाईनं पाय मागे घेतला. मालकानं आधी खोके बाजूला केले, मग गाडी बोलावली.

"इतका वेळ काय करत होता?" डॉक्टर सासूबाईंवर ओरडले.

"ती काही बोललीच नाही हो," सासूबाई म्हणाल्या. नवऱ्यानंही मान डोलावली.

पोट फाडून दोघांना बाहेर काढलं. मुलगी रडली. मुलगा रडला नाही.

ती शुद्धीवर आली तेव्हा झटक्यात चावलेली जीभ सुजलेली होती. बोटं वर करून तिनं विचारलं, दोन?

"मुलगी आहे. मुलगा गेला," उशाशी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या. "डोकं दुखत होतं तर नीट सांगायचं ना गं. आम्हाला काय स्वप्न पडणार होतं?"

तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

"चुकलं माझं, आई," ती कशीबशी म्हणाली.

सासूबाईंना गहिवरून आलं. त्यांनी तिच्या केसांवरून हात फिरवला. "असू दे. पुढच्या खेपेला काळजी घे."