सुटली म्हणा

माझ्या सासरच्या बायकांना देवाने तीनच अवयव दिले आहेत: डोकं, पोट आणि कंबर. गळ्याखाली जे काही दुखेल ते पोट, पोटाखाली दुखलं तर कंबर. आणि तेही डॉक्टरला सांगायचं सासऱ्यांनी, कारण दवाखान्यात बाईमाणसाने तोंड उघडायचं नाही, अशी मेडशीतल्या आमच्या घराची रीत. सासरे खुर्चीवर बसतात, हिचं पोट दुखतं म्हणतात, गोळ्या खिशात घालतात आणि एसटी चुकू नये म्हणून घाई करतात.

मी नर्सिंगचं एक वर्ष करून या घरात आले. त्या वर्षी पाठ केलं होतं की माणूस आपल्याकडे तोंड करून, तळहात पुढे धरून उभा आहे असं धरायचं, आणि डावं म्हणजे त्याचं डावं, आपलं नव्हे. मध्यरेषेजवळचं ते मीडियल, लांबचं ते लॅटरल. शरीरातल्या इंच इंच जागेला नाव होतं आणि ते घ्यायला वर्गात कुणी लाजत नव्हतं. लग्न झालं नि ती सगळी नावं माझ्या तोंडातच पडून राहिली. तूर निवडताना मी ती मनातल्या मनात म्हणायची.

मागच्या वर्षी सासूबाई ओसरीच्या पायरीवरून पडल्या. उजवं मनगट मोडलं, प्लास्टर चढलं आणि त्यांना आंघोळ घालायचं काम माझ्याकडे आलं. एका सकाळी पाठ चोळता चोळता त्यांच्या डाव्या काखेत माझ्या बोटांना हरभऱ्याएवढी गाठ लागली. हात पुढे सरकवला, तर डाव्या स्तनावर, वरच्या बाहेरच्या अंगाला, दुसरी. ती मोठी होती, दगडासारखी घट्ट, आणि दाबली तरी जागची हलत नव्हती. मला सगळी नावं एकदम आठवली.

सासूबाईंना ती गाठ माहीत होती. कधीपासून, ते सांगेनात. मी म्हटलं, आजच दवाखान्यात जाऊ, यात जीव जातो. त्यांनी चांगल्या हाताने माझं मनगट घट्ट धरलं.

"लेकराची आण हाय तुले," त्या म्हणाल्या, "कोनाजवळ बोलशीन त."

लेकरू म्हणजे माझी मुलगी, तेव्हा नुकती चालायला लागलेली. आमच्याकडे आण अशी सुटत नाही. जिने घातली तिनेच 'सुटली' म्हणावं लागतं, दुसऱ्या कुणी म्हणून चालत नाही. रोज अंगावर पाणी घालताना मी विनवायची, "सुटली म्हणा ना, आई." त्या डोळे मिटून बसायच्या, नाहीतर साबण डोळ्यात गेला म्हणून माझ्यावरच करवादायच्या. ताप जंतूंनी येतो, आण मोडल्याने येत नाही, हे मी शिकलेली बाई जाणून होते. तरी पोरगी शिंकली की मी तिच्या कपाळाला हात लावून बघायची. नवऱ्याला सांगायला जायची आणि भाजीत मीठ बरोबर आहे का, ते विचारून परत यायची. स्वतःचा इतका संताप व्हायचा की मी भांडी आदळायची. सासरे म्हणायचे, सुनेला मिजास आली.

प्लास्टर काढायला आम्ही वाशिमला गेलो. सासरे खुर्चीवर, सासूबाई स्टुलावर, मी डोक्यावर पदर घेऊन, पोरीला कडेवर घेऊन दाराशी. डॉक्टरांनी मनगट फिरवून पाहिलं आणि आणखी काही त्रास आहे का, असं विचारलं. सासरे म्हणाले, कधीमधी पोट दुखतं. डॉक्टर गोळी लिहायला लागले. हात बरा झाला होता, आता या दारात परत यायला काही निमित्त उरलं नव्हतं. तेव्हा मी बोलले, भिंतीकडे बघत, वर्गात तोंडी परीक्षा देतात तसं.

"लेफ्ट मॅमरी ग्लँड, अपर आउटर क्वाड्रंट, हार्ड, फिक्स्ड. ॲक्सिलरी नोड पाल्पेबल."

मला वाटलं होतं, डॉक्टरही त्याच भाषेत विचारतील आणि गोष्ट आम्हा दोघांत राहील. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सासऱ्यांना मराठीत, चांगलं मोठ्याने विचारलं की यांच्या छातीत गाठ आहे, तुम्हाला माहीत नव्हतं? सासरे माझ्याकडे बघत राहिले, मग भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. सासूबाईंनी पदर तोंडावर ओढून घेतला.

एसटीत सासूबाई पोरीला मांडीवर घेऊन सारखा तिच्या कपाळाला हात लावत होत्या. त्यांनी हात काढला की मी लावायची. पुढे गाठीचा तुकडा काढून तपासला, निघायचं तेच निघालं. अकोल्याच्या चकरा सुरू झाल्या, सलाइनमधून औषधं गेली, त्यांचे केस गेले. तेवढे सगळे महिने घरात हेच चाललं, पोरीच्या कपाळाला आधी त्यांचा हात, मग माझा. आम्ही दोघी एकाच भीतीत अडकलो होतो आणि दोघीही त्याबद्दल बोलत नव्हतो. सुटली म्हणा, असं विचारायचंही मी सोडून दिलं होतं. मोडलेली आण सोडवता येते की नाही, हे मला माहीत नव्हतं.

ऑपरेशनच्या दिवशी नर्सने कुठली बाजू म्हणून विचारलं, तेव्हा सासरे खिडकीबाहेर बघायला लागले. मी सांगितलं, डावी. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सासूबाईंनी स्ट्रेचर थांबवायला लावलं आणि उजव्या हाताने माझा पदर धरून मला खाली वाकवलं.

"सुटली," त्या कानात म्हणाल्या. "मी आतच राह्यली त तुले कोन सोडवन?"