एका डब्याला सहा हार

मी शिपाई आहे त्या ऑफिसात एक पोरगा कॉम्प्युटर दुरुस्तीला यायचा. चष्मा पुसत बोलायचा, सुरुवात "समजा"नं. कॉम्प्युटरच्या सहा मोठ्या मशिनी काढून त्यानं एकच डबा बसवला. "समजा काका, सहाच्या सहा यातच आहेत, सॉफ्टवेअरनं बनवलेल्या. फक्त दिसत नाहीत."

दसऱ्याला मशिनींची पूजा माझ्याकडे. सहा आहेत म्हणतो, म्हणून हारही सहाच घातले. झेंडूनं हवा कोंडली, डबा तापून बंद पडला, काम ठप्प. शेठ म्हणाला, "ज्यानं केलं, त्याची नोकरी गेली."

तो धावत आला. हार बघितले, गुपचूप बॅगेत कोंबले. "समजा शेठ, व्होल्टेजचा लोचा."

जिन्यात मला म्हणाला, "काका, पुढच्या वर्षी एकच हार."

"मग पाच मशिनी खोट्या, असं शेठला सांग."

तो चष्मा पुसत म्हणाला, "समजा काका, सहाच. पण छोटे."