पिकल्या बागेवरची मनाई

बेलीफ हुकूम घेऊन आला तेव्हा आमच्या बागेतले घड कापणीला आले होते. आमचं गाव चोपड्याकडचं, तापीकाठी. इथली केळी हिरवी कापून मालगाडीनं उत्तरेला जातात. उशीर झाला की माल हातचा गेला. वडिलांच्या चुलतभावाला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच ऐन कापणीत त्यानं जळगावच्या कोर्टात शपथेवर सांगितलं, की बागेची वाटणी झालेलीच नाही. वाटणी तर माझ्या जन्माआधीची. पण कोर्टानं आमचं ऐकण्याआधीच तूर्त मनाई दिली. माल कापायचा नाही, हलवायचा नाही.

वडील कोर्टाचा शिक्का देवाच्या कौलासारखा मानायचे. खाली पडलेलं केळंसुद्धा कुणी उचलायचं नाही, असं त्यांनी घरात बजावलं. आई म्हणाली, "गायले तरी टाकू द्या." गाईलासुद्धा नाही म्हणजे नाही. तारखेवर तारीख पडत गेली. घड झाडावरच पिवळे झाले, मग काळे पडून फुटले. वटवाघळांवर कोर्टाची मनाई नव्हती, ती मात्र माजली. आंबूस वास अंथरुणापर्यंत यायचा. मला त्या चुलतकाकाचा राग यायचा, पण खरं सांगायचं तर वडिलांचा जास्त यायचा.

अखेर वाटणीचे कागद पाहून मनाई उठली. "अहो, नाशवंत माल कोर्टाची परवानगी काढून विकता आला असता," आमचे वकील तेव्हा म्हणाले. बैल गेला अन् झोपा केला!

भरपाईच्या दोन वाटा आहेत, असं त्यांनी सांगितलं. त्याच कोर्टात अर्ज केला तर निकाल लवकर, पण तेव्हाच्या कायद्यानं हजार रुपयांच्या वर दमडी मिळणार नाही. वेगळा दावा लावला तर सगळं नुकसान मागता येईल, पण वर्षं जातील. अर्जाचा निकाल लागला की दाव्याची वाट बंद.

वडिलांनी अर्ज निवडला. चुलतभावाचा वाटा यांनीच गिळला, अशी कुजबुज पारावर चालायची आणि ती त्यांना आतून पोखरत होती. "माले पैसा नको," ते म्हणाले. "तो खोटं बोलना, इतलंच कोर्टनी सांगाले पाहिजे."

निकालाच्या दिवशी मीही सोबत होतो. मनाई पुरेशा कारणाशिवाय मिळवली होती, सबब हजार रुपये द्यावेत, असं जज्जसाहेबांनी वाचलं. वडिलांनी वकिलांना दोनदा विचारलं, "खोटं बोलला, असं म्हणाले का?" वकील म्हणाले, "त्याचा अर्थ तोच होतो." पण तो शब्द काही निकालात नव्हता.

बाहेर कडुनिंबाखाली चुलतकाकानं खिशातून नोटा काढून वडिलांच्या हातावर ठेवल्या. "इतलंच शे का, भाऊ?" तो हसून म्हणाला. "पुढला सालले बी देसू."

येत्या कापणीलाही तो मनाई आणणार, हे वडिलांनी ओळखलं. पुढच्या साली त्यांनी बाग मोडून कापूस लावला. का, म्हणून आईनं विचारलं तेव्हा म्हणाले, "केळी थांबत नही. कापूस थांबस."